महाराजांनी भरून घेतलेला चुडा

गोदाकाठच्या पिंपळसोंडे गावात, नदीच्या वळणावर रेणुकेचे जुने देऊळ आहे. त्या देवळाच्या ओवरीत सोमगिरी महाराजांनी बावीस वर्षे काढली. अंगावर एक कफनी, उशाशी एक तुंबा, आणि बोलणे असे रोखठोक की ऐकणाऱ्याने दोन दिवस कान चोळत बसावे. भाविकहो, महाराजांनी कधी कुणाला ताईत बांधला नाही की कुणाकडून नारळ घेतला नाही. त्यांची ही हकीकत बांगड्यांची आहे. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली, त्यांच्या अंगावर म्हातारपणीही ती सांगताना काटा उभा राहत असे.

त्या गावात गिरजाबाई कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन पाच गावे पायी हिंडायची. हात इतका हलका, की बांगडी केव्हा चढली ते पोरींना कळायचेसुद्धा नाही. बांगड्यांची नवी माळ सोडली की पहिली बांगडी रेणुकेच्या पायाशी ठेवायची आणि मगच गिऱ्हाइकाचा हात धरायचा, हा तिचा नेम होता. तिचा नवरा सोनबा. त्याच्या गळ्यात गाठ आली आणि ती कॅन्सरची निघाली.

गिरजाबाई धावत ओवरीत आली, अंगारा मागू लागली. महाराज म्हणाले, "अंगारा कपाळाला लाव, मनाला धीर येईल. पण गाठ मुंबईच्या डॉक्टरला दाखव. त्याच्या हातातसुद्धा आईच बसली आहे. आणि तो सांगेल तितके दिवस जा. अर्ध्यावर सोडू नकोस."

ते दिवस दीड वर्ष झाले तरी सरेनात. विजेचा शेक, सुया, गोळ्या, गाडीभाडे, धर्मशाळेतला मुक्काम. शेळ्या गेल्या, तांब्याचा हंडा गेला, छपरावरचे पत्रे गेले. एवढ्यावर भागते तर गिरजाबाई हूं की चूं न करती. पण गावात कुजबुज सुरू झाली. हा रोग लागतो म्हणे! आणि जिचे स्वतःचेच कुंकू डळमळीत, तिच्या हातून बांगड्या कशा भरायच्या? एकेका घराचे दार लागू लागले. खर्च वाढला तेव्हाच कमाई आटली. त्यात डॉक्टरांनी बजावून ठेवले होते, "आणखी तीन खेपा. मध्ये खंड पडला तर आजवरचं सगळं पाण्यात." पहिली खेप येत्या सोमवारची होती.

तिची सगळी आशा आता एका लग्नावर होती. तेलगिरणीच्या मालकीणबाई मनोरमाबाई यांच्या लेकीचे, कुसुमचे, लग्न ठरले होते. नवरीचा हिरवा चुडा आणि त्यासोबत गावातल्या साऱ्या बायकांना बांगड्या, हा मान पिढ्यान्‌पिढ्या गिरजाबाईच्या घराचा. तिने मंगळसूत्रातल्या सोन्याच्या वाट्या विकून हिरवा माल भरला. गळ्यात नुसते काळे मणी राहिले.

चुड्याच्या दिवशी मांडवात बायकांची ही गर्दी! गिरजाबाईने कुसुमचा हात हातात घेतला, इतक्यात मनोरमाबाई आतून तरातरा बाहेर आल्या.

"सोड तिचा हात! घरात तो रोग घेऊन बसलीस आणि माझ्या पोरीला चुडा भरतेस? तालुक्याहून दुसरा कासार येतोय. ऊठ."

"बाईसाहेब, असं नका करू," गिरजाबाई कळवळून म्हणाली. "सोमवारी धन्याला मुंबईला न्यायचंय. या कामावरच सगळं हाय वो."

"आई, मला गिरजामावशीच पाहिजे," कुसुम म्हणाली. तिला एका नजरेत गप्प केले गेले.

"एवढे थोर ते तुझे महाराज, मग एक फुंकर मारून बरा का करत नाहीत तुझ्या नवऱ्याला?" मनोरमाबाई हसल्या. "जा, त्यांनाच भर जा बांगड्या!"

मांडवात हशा पिकला. गिरजाबाईने पेटी उचलली. ओवरीत पोचेपर्यंत तिला रस्ता दिसत नव्हता. तिने महाराजांना सारे सांगितले. शेवटचे वाक्य मात्र गिळून टाकले. ते तोंडातून काढायचे तरी कसे?

महाराज म्हणाले, "एक सांगायचं ठेवलंस. मला बांगड्या भर म्हणाली ना ती?"

गिरजाबाईने मान हलवली. महाराजांनी दोन्ही हात तिच्यापुढे केले. "भर."

"देवा, हे काय भलतंच! मला पाप लागंल."

"यजमानीण सांगते, गिऱ्हाईक हात पुढे करतं. कासारणीनं पेटी उघडावी. माझा धंदा मला शिकवू नकोस, तुझा विसरू नकोस."

तिने पेटी उघडली. त्या धांदलीतही पहिली बांगडी रेणुकेच्या पायाशी ठेवायला ती विसरली नाही. मग तिने पाहिले तर काय, वरची माळ कुसुमच्या मापाची, आणि महाराजांचा पंजा हा एवढा रुंद! तिने अंगठा दाबला, डोळे मिटले. बांगडी लोण्यातून जावी तशी वर गेली. एक, दुसरी, तिसरी. कोपरापर्यंत दोन्ही हात हिरवेगार झाले. एकही तडकली नाही.

महाराज उठले आणि थेट लग्नघराकडे चालू लागले; पेटी घेऊन गिरजाबाई मागोमाग. सत्तरीचा जटाधारी गोसावी, हातात हिरवा चुडा! पाणी भरणाऱ्या बायकांचे हंडे जागीच थांबले. पुरुषांनी लाजून माना खाली घातल्या. मांडवात नुकताच सुरू झालेला सनई-चौघडा आपोआप बंद पडला.

मनोरमाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "महाराज, व्याही येतील आता! शोभा कशाला करता आमची? काढा त्या!"

"तूच भरायला सांगितल्यास. काढायच्या तर तूच काढ."

संतापाने त्यांनी महाराजांचे मनगट धरले आणि बांगडी खसकन ओढली. ती सुटली. पण सुटली ती कुठे गेली? मनोरमाबाईंच्याच हातात, सोन्याच्या पाटल्यांच्या वर जाऊन बसली! त्यांनी दुसरी ओढली, तीही तशीच. मग हात मागे घ्यावा म्हटले तर घेववेना. किणकिण किणकिण करीत एकेक बांगडी इकडून तिकडे जात राहिली. महाराजांचे हात मोकळे झाले आणि मनोरमाबाईंचे कोपरापर्यंत भरले. भाविकहो, भर दुपारी, शंभर माणसांच्या देखत हे घडले.

मनोरमाबाई किंचाळल्या, "अगं बाई, निघत नाहीत या! लागेल मला तो रोग!"

"कुणाला लागला आजवर?" महाराज म्हणाले. "दीड वर्ष सोनबाची उष्टी ताटं काढणारी ही समोर उभी आहे, ठणठणीत. रोग तिच्या घरात आला, म्हणून तुम्ही तिची चूलही विझवायला निघालात? आजारी माणूस मुंबईत जगवायचा आणि गावात उपाशी मारायचा?"

बायकांनी तोंडाला पदर लावले.

"बरं, हात तर भरले," महाराज हळू आवाजात म्हणाले. "भरून झाले की रीत काय असते, मनोरमा?"

रीत कुणाला ठाऊक नव्हती? बांगड्या भरल्या की बाई, मग ती कितीही मोठ्या घरची असो, कासारणीला वाकून नमस्कार करते. मनोरमाबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि गिरजाबाईच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.

गिरजाबाई सवयीने म्हणून गेली, "अखंड सौभाग्यवती राहा," आणि तिचा हात आपल्याच गळ्यातल्या काळ्या मण्यांकडे गेला.

मनोरमाबाईंनी मान वर केली. डोळे वाहत होते. "मला म्हणालीस. तुला कोण म्हणायचं गं?"

"तुमीच म्हणा, बाई."

त्या उठल्या नाहीत. पायांशी बसूनच त्यांनी तो आशीर्वाद तिला दिला. म्हणाल्या, "सोमवारी आमची मोटार तुझ्या दारात उभी राहील. तिन्ही खेपांना राहील. आता आधी माझ्या कुसुमचा चुडा भर."

खंड पडला नाही. सोनबाचा घसा जन्मभर घोगरा राहिला, आणि त्याच घोगऱ्या आवाजात तो रेणुकेच्या आरतीला पुढची वीस वर्षे सर्वांच्या आधी सुरू व्हायचा. मनोरमाबाई पायांवरून उठल्या तेव्हा हातातल्या बांगड्या इतर बांगड्यांसारख्याच सैल झाल्या होत्या. सहज निघाल्या असत्या. पण त्यांनी त्या काढल्या नाहीत.