द्वारकामावशींची सांधणी

“...पण आई, तुझं स्वतःचं असं एक तरी लुगडं आहे का? हातभर कापड तरी?”

उंबऱ्यात चपला काढत होतो, तेवढ्यात हे कानावर आलं.

विचारणारी कुंदा. पैठणी विणण्यात तिचा हात आज येवल्यात पहिल्या दोघा-तिघांत. राज्याचं बक्षीस मिळालेलं, आणि तेव्हापासून मान जराशी वरच. नावं ठेवत नाही मी; तिच्या पैठण्या माझ्याच दुकानातून विकल्या जातात. आपला माल चांगला असला की आपल्या सगळ्यांचीच होते.

जिला विचारलं, ती तिची आई, द्वारकामावशी. वय बहात्तर. कुंदाच्याच मागावर नवा ताणा जोडत बसलेल्या.

ताणा म्हणजे मागावरचे उभे दोरे. साडी उतरली की जुन्या ताण्याचं शेपूट फणीत तसंच ठेवतात. त्याच्या एकेका टोकाला नव्या ताण्याचं एकेक टोक पिळून जोडायचं. बोटांना राख लावून. गाठ मारायची नाही, गाठ फणीतून जात नाही. असे तीन हजारांवर दोरे. याला म्हणायचं सांधणी. सांधलेला तुकडा पुढं कापून टाकतात. साडीत तो येतच नाही.

मावशींनी बावन्न वर्षं हेच केलं. आळीतल्या प्रत्येक मागावर.

“चार वाजता विणकर संघाची माणसं येताहेत,” कुंदा म्हणाली. “शाल-नारळ घेऊन. मीच अर्ज केलाय तुझ्या नावाचा. त्यात रकाना आहे, स्वतःच्या कामाचा नमुना. काय मांडू पाटावर? राखेची वाटी?”

“मांड की. कालच घासलीय.”

मला हसू आलं. कुंदाला नाही.

“काका, तुम्हीच सांगा हिला.”

मी काय सांगणार! एकदा सांगून पाहिलं होतं. म्हटलं, मावशी, तुम्ही विणा, विकायचं मी बघतो. त्या म्हणाल्या, “शेठ, मग यासीनचा माग कोण सुरू करील?”

यासीनभाई शेजारचे. त्यांच्या मुलीच्या निकाहची साडी अडली होती. मावशींचे मालक नुकतेच गेलेले. तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी मावशी यासीनभाईंच्या मागापाशी. मांडीवर कुंदा झोपलेली. बोटं चालूच.

“माझ्या लग्नातलं लुगडंसुद्धा नाही विणलंस तू.”

कुंदाचा आवाज एकदम लहान झाला. तेव्हा मला कळलं, चार वाजताची माणसं हे नुसतं निमित्त होतं.

ती आत गेली. ट्रंकेतलं लाल लुगडं आणून तिनं पाटावर पसरलं.

“तू याच्या-त्याच्या मागावर. म्हणून आपल्या मागावर आळी बसली. अकरा जणांनी पाळ्या लावून विणलं हे. लग्नात नेसले तेवढंच. ठोक सारखा नाही काका, बघा.”

मी बोट फिरवलं. चाळीस वर्षं रेशीम चाचपलं की बोटाला डोळे येतात. खरंच होतं तिचं; आडवा दोरा कुठं जोरात ठोकलेला, कुठं हलका. इथं यासीनभाईंचा जड हात. इथं आळीतल्या भास्करचा, घाईचा. इथं कुणीतरी म्हातारा, दमून दमून विणणारा... पदरापर्यंत गेलो.

“आणि यात आईचं कुठंय?”

बोट परत मागं आणलं. पुन्हा फिरवलं.

कुठंच थांबेना.

मावशींनी वाटी बाजूला सारली.

“बस मागावर.”

“आत्ता?”

“बक्षीसवाली ना तू? विण.”

कुंदा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. आडव्या दोऱ्याचा धोटा उचलला. पायानं पावडी दाबली.

डावीकडचे दोरे ताठ उठले, मधे धोट्यापुरती वाट झाली. उजवीकडचे उठलेच नाहीत. लोळत पडले.

“विण की.”

“कशी विणू? हे अजून जोडलेत कुठं?”

मावशींनी पुढचं टोक चिमटीत घेतलं.

...

आळीतून मागांचा आवाज येत होता. खट्... खट्... या घरातून, त्या घरातून. चाळीस वर्षं ऐकतोय मी तो. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वाजणाऱ्या त्या मागांवर एक दोरा असा नसेल, जो या बाईच्या चिमटीतून गेला नाही. माझ्या दुकानातून निघालेली साडी कुठं कुठं गेली असेल, हळद लागताना कुणाकुणाच्या अंगावर असेल... मी पाटावरचं लुगडं सोडलं आणि हात कधी जोडले गेले ते मला कळलं नाही.

कुंदानं धोटा खाली ठेवला होता. ती खड्ड्यातून वर आली, आईशेजारी टेकली आणि वाटीत बोट बुडवलं.

चार वाजता संघाची तिघं माणसं आली. पुढच्याच्या हातात शाल.

“मावशी आहेत ना? आणि नमुना कुठं मांडलाय?”

कुंदानं मान वळवली नाही.

“बसा. आई कामात आहे.”

ते बसले नाहीत. शाल हातात धरून भिंतीशी उभे राहिले. मीही त्यांच्यात.

कुंदानं पहिला दोरा धरला. जुनं टोक, नवं टोक. सगळा जीव एकवटून पिळलं, ओढलं. सांधा फणीच्या दातापाशी अडला.

तुटला.

दुसरा घेतला. याला आणखी जोर. तोही तुटला.

आळीत सगळ्यांत बारीक नक्षी काढणाऱ्या त्या बोटांनी तिसरा दोरा आणखी आवळून धरला.

मावशींनी तिचा हात आपल्या हातात घेतला. एकेक बोट जरासं सैल केलं.

“एवढं घट्ट नाही धरायचं, बाई. त्याला पुढं जायचंय.”