फुकट्यांचा सहावा हिस्सा

केवडाबाईंची चाळीस वर्षांपूर्वीची लावणी लोकांनी लाखो वेळा ऐकली, तरी मोबाइलवर गाणी ऐकवणाऱ्या कंपनीच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीत ती काही आली नाही. सत्तरीच्या बाई तडक पुण्याला कंपनीच्या साहेबांसमोर जाऊन बसल्या.

"बाई, तुमचे श्रोते सगळे फुकटे," धायगुडे साहेब म्हणाले. "पैसे भरणाऱ्याचं ऐकणं आम्ही पूर्ण धरतो, फुकट्याचं सहावा हिस्सा. नियम म्हणजे नियम."

"तुम्ही ऐकलीय का ती?"

साहेब खुलले. "म्हणजे काय! लहानपणी, म्हसवडच्या जत्रेत, तुमच्याच तमाशात!" आणि डोळे मिटून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत अख्खी लावणी गुणगुणली. टेबलाखाली बाईंच्या पायांनी आपसूक ठेका धरला.

"तिकीट केवढ्याचं काढलं होतंत?"

"तिकीट कुठलं! बाहेर उभा होतो. शेवटच्या लावणीला तुम्ही तंबूची कनात वर करायला लावायचात ना, आमच्यासारख्यांसाठी."

बाई हसल्या. "मग साहेब, तुम्हाला सहावा हिस्साच आठवायला हवा होता. अख्खी कशी आठवली?"

साहेबांनी यादी दुरुस्तीसाठी परत मागवली, आणि ती येईपर्यंत तीच लावणी गुणगुणत बसले.