बिनकाट्याचा फणस

“काटा नको, चीक नको, आठळी नको! असा गोड फणस पंधरा दिवसांत दरबारात हजर करावा. न केल्यास दोन्ही झाडं मंडळाची!”

शिपायाने अंगणात उभं राहून हुकूम वाचला आणि धाकूने कपाळाला हात लावला.

“अहो, बिनकाट्याचा फणस कधी कुणी पाहिलाय का?”

“मी नाही पाहिला बाबा,” शिपाई म्हणाला, “आणि मंडळाने तर काट्यांचाही नीट पाहिलेला नाही!”

हे मंडळ म्हणजे तांबळगडच्या राजाचं ‘फणसवृद्धी मंडळ’. राजाला आपल्या फणसांचा भारी अभिमान. त्यांची कीर्ती वाढावी म्हणून त्याने अकरा जणांचं मंडळ नेमलं आणि सनद लिहून दिली. सनदेत अधिकार चौदा होते. कुणाच्याही परसात शिरावं, कुठलाही फणस वाजवून बघावा, चाचणीसाठी उचलून न्यावा, नापसंत झाड जप्त करावं... कर्तव्य एकच होतं, फणसाचा प्रसार करणं. ते शेवटच्या पानावर होतं आणि तिथवर अजून कुणी पोहोचलं नव्हतं.

मंडळाने चाचण्या मात्र जोरात चालवल्या. चाचणीला गेलेला फणस परत आलेला कुणी पाहिला नाही!

अशात शेजारच्या राज्याचा वकील मेजवानीला आला. फणस खाताना त्याच्या मिशांना चीक लागला आणि त्या अर्ध्या कापाव्या लागल्या. राजा मंडळावर भडकला. मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव हात जोडून म्हणाले, “महाराज, दोष शेतकऱ्यांचा! त्यांनी मनावर घेतलं तर बिनकाट्याचा, बिनचिकाचा फणस सहज पिकेल.”

राजा हट्टी. तो म्हणाला, “मग पिकवून दाखवा!”

मंडळाने ती आज्ञा तशीच खाली ढकलली, ती धाकूच्या अंगणात येऊन पडली. कारण त्याच्या परसात दोन नामी झाडं होती. एक काप्या फणसाचं, म्हणजे कडक, करकरीत गऱ्यांचं. दुसरं बरक्याचं, म्हणजे मऊ, रसाळ गऱ्यांचं. ही झाडं गेली तर मागे उरत होती ती नुसती जांभ्या दगडाची उघडी जमीन.

धाकू जेवेना. त्याची मुलगी येसू मात्र पान वाढून म्हणाली, “बा, आधी जेव. झाडं अजून आपल्या दारात आहेत.”

दुसऱ्याच दिवशी सर्जेराव स्वतः चाचणीला आले, बरोबर तीन सभासद आणि एक बैलगाडी. काप्याचे सगळे पिकते फणस गाडीत चढले. मग त्यांनी एका पिकल्या बरक्यात बोट खुपसलं. बोट आत गेलं!

“शी! हा तर सडलाय!”

धाकू काही सांगणार, तोच येसूने त्याचा हात दाबला.

“असं होय सरकार? आम्हा अडाण्यांना काय कळणार! तेवढं लिहून द्या. नाहीतर उद्या कुणी म्हणायचं, धाकूने फणस लपवले.”

सर्जेरावांनी बोट धोतराला पुसलं आणि ऐटीत लिहिलं, ‘या झाडाचे फणस नासके, माणसाने खाण्यास अयोग्य.’ खाली मंडळाचा शिक्का मारला. गाडी गेली. बरक्याचा एक फणसही हलला नाही.

येसूने पदर खोचला, हाताला तेल लावलं आणि कोयती उचलली.

पंधराव्या दिवशी ती दरबारात उभी राहिली. हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट होतं.

“कुठे आहे फणस?” राजाने विचारलं.

तिने पान उचललं. ताटात बरक्याचा रस उन्हात वाळवून केलेली सोनेरी, चकचकीत फणसपोळी होती.

“फसवणूक!” सर्जेराव ओरडले. “महाराज, ही पोळी आहे! हिला फणस कोण म्हणेल?”

“महाराजच म्हणतील,” येसू म्हणाली. “सरकार, डोळे मिटून एक तुकडा खा आणि काय खाल्लंत ते सांगा.”

राजाने डोळे मिटले. तुकडा तोंडात टाकला. मग न विचारता दुसरा टाकला.

“फणस!” तो म्हणाला. “अस्सल फणस! काटा टोचला नाही, चीक लागला नाही, दाताखाली आठळी आली नाही!”

“पण महाराज,” सर्जेराव घाईने म्हणाले, “या फणसाची मंडळाने चाचणीच केलेली नाही!”

“केली आहे की!” येसूने कनवटीचा कागद काढून पुढे केला. “तुम्हीच केली. शिक्कासुद्धा आहे.”

राजाने कागद मोठ्याने वाचला. ‘माणसाने खाण्यास अयोग्य’ इथे आल्यावर त्याने हातातल्या तिसऱ्या तुकड्याकडे पाहिलं, मग सर्जेरावांकडे पाहिलं.

“सर्जेराव, बरका फणस माहीत आहे तुम्हाला?”

“ते... पुढच्या बैठकीत ठरवू, महाराज.”

दरबारात खसखस पिकली. राजाने हसू दाबून येसूला विचारलं, “पोरी, सगळं खरं. पण फणस म्हटला की बाकीचा पसारा असतोच. तो कुठे गेला?”

“आठळ्या आम्ही भाजून खाल्ल्या. साल म्हशीने खाल्ली.”

“आणि काटे? आणि चीक?”

“ते होय?” येसू शांतपणे म्हणाली. “ते तुमच्या मंडळात बसलेत, महाराज! ज्याच्या दारात जातील त्याला टोचतात, आणि ज्याला हात लावतील ते त्यांनाच चिकटतं!”

राजा असा हसला की फणसपोळीचा घास घशात अडकला आणि पाणी आणावं लागलं!

डोळे पुसत त्याने सनद मागवली आणि चौदा अधिकारांवर एकच आडवी रेघ ओढली. धाकूची झाडं धाकूची राहिली. त्यांच्यामागचा सबंध डोंगरउतार येसूला फणस लावायला बक्षीस मिळाला.

“आणखी काही हवं?” राजाने विचारलं.

“वीस बरके पिकून पडलेत, महाराज. कापायला माणसं नाहीत.”

“अकरा दिली!” राजा म्हणाला.

त्याच दुपारी अकरा सभासद धाकूच्या परसात पोहोचले. सर्जेराव कोयती हातात धरून अवघडून उभे राहिले.

“बाई, सुरुवात कुठून करायची?”

“आधी बोटांतल्या अंगठ्या काढा,” येसू म्हणाली. “चिकात गेल्या तर माझ्यावर आळ घ्याल!”