शिवरुद्र हळिंगळे यांनी नाकारलेली खुर्ची

"अप्पा, माझ्या वडिलांना तुम्ही काय शिकवलंत?"

अप्पा ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काही नाही."

विरूपाक्ष हसला. साधूंची बोलायची ही रीतच असावी, असं त्याला वाटलं. त्याने फोन सतरंजीवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि पुन्हा विचारलं.

अप्पा म्हणाले, "तेच सांगतोय. काही नाही."

कृष्णाकाठी, मिरजेच्या अलीकडे, अप्पांचा मठ आहे. मठ कसला, दोन खोल्या आणि पुढं ओसरी. विरूपाक्षचे वडील शिवरुद्र हळिंगळे तिथं दर सोमवारी सकाळी यायचे. कारखान्याला सोमवारी सुट्टी असायची. हा नेम अठ्ठावीस वर्षं चालला.

शिवरुद्र तेविसाव्या वर्षी पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले आणि वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झाले. हाताखाली सहाशे माणसं. चालत्या यंत्रावर ते तळहात ठेवायचे आणि सांगायचे, याचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. ते जायचंच. घरी याच हातांनी ते मुलांची नखं कापायचे आणि रविवारी दोघांच्या शाळेच्या गणवेशांना इस्त्री करायचे. नागपंचमीला बायकोला माहेरी पोचवायला स्वतः जायचे. ते गेले तेव्हा तिन्ही पाळ्यांचे कामगार स्मशानात उभे होते.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. विरूपाक्षने वडिलांवर पुस्तक काढायचं ठरवलं होतं. तो पुण्यात मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत उपाध्यक्ष होता. हाती घेतलेलं काम तो पुरं करायचा. कारखान्याचे मालक, जुने अधिकारी, युनियनचे पुढारी, सगळ्यांच्या आठवणी त्याने जमवल्या होत्या. एकच प्रकरण अडलं होतं.

ते त्याने अप्पांना सांगितलं. शिवरुद्र पंचेचाळीस वर्षांचे असताना कंपनीने त्यांना मुंबईला संचालक म्हणून बोलावलं होतं. देशभरातले पाच कारखाने त्यांच्या हाताखाली आले असते. त्यांनी नाही म्हटलं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या जागी जो गेला, तो पुढं कंपनीचा प्रमुख झाला.

खरं तर विरूपाक्षला या गोष्टीची लाज वाटत आली होती. कॉलेजात असताना तो एकदा वडिलांना म्हणालाही होता, की तुमच्यात धमक नव्हती. शिवरुद्र तेव्हा नुसते हसले होते. पण पुस्तकात असं लिहिता येत नाही. म्हणून त्याने एक वाक्य तयार करून आणलं होतं. ते त्याने वाचून दाखवलं.

"गुरूंच्या सहवासाने ते निरिच्छ झाले होते. पदाचा मोह त्यांना उरला नव्हता."

मग म्हणाला, "तुम्ही एवढ्याला हो म्हणालात तरी पुरे."

अप्पांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"त्याला ती खुर्ची फार हवी होती."

"काय?"

"फार हवी होती. जिथं तू बसलायस ना, तिथं बसून रडला होता तो."

विरूपाक्षचा हात फोनकडे गेला. त्याने रेकॉर्डिंग बंद केलं. वडिलांना रडताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं…

"मग नाही का म्हणाले?"

"तुला आकडी यायची. आठवतं?"

त्याला आठवत होतं, पण अर्धवटच. तो नऊ वर्षांचा होता. जाग यायची तेव्हा तोंडाला कडू चव असायची आणि गाल वडिलांच्या सदऱ्यावर असायचा. सदऱ्याला कारखान्यातल्या तेलाचा वास यायचा. तेराव्या वर्षानंतर आकडी आली नाही आणि घरात तो विषयही निघाला नाही.

बाकीचं अप्पांनी सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं, की पोरगं बरं होईल, पण चार-पाच वर्षं जपावं लागेल. औषध वेळेवर, झोप वेळेवर, आणि झटका आला की न घाबरता कुशीवर वळवून धरणारं माणूस जवळ हवं. आई कस्तूरबाईंचे अशा वेळी हातपाय गळायचे. संचालकाला महिन्यातले वीस दिवस गावोगाव फिरावं लागणार होतं. शिवरुद्रांनी पंधरा दिवस विचार केला आणि नकार कळवला. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ते मठात आले.

"आला आणि मला म्हणाला, अप्पा, मी काल मोठा त्याग केला. मुलासाठी केला." अप्पा पुढं म्हणाले. "त्याला वाटलं, मी पाठ थोपटीन."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मग घरी जाऊ नकोस. इथंच बस."

विरूपाक्षला काही कळेना.

"त्याग घेऊन घरी गेला असता, तर रोज तो पोराच्या ताटात वाढला असता. म्हटलं, बस इथं."

शिवरुद्र बसले. आधी त्यांना राग आला होता, असं अप्पा म्हणाले. आपण काय चुकीचं केलं, म्हणून ते वाद घालू लागले. अप्पांनी उत्तर दिलं नाही. मग ते रडले. दुपारी मठातली आमटी-भाकरी वाढली, ती त्यांनी खाल्ली नाही. ओसरीच्या कडेला पाय सोडून नदीकडे बघत राहिले. ऊन कलंडलं. आणि एकाएकी दचकून उठले, घाईघाईने चपला शोधू लागले.

"म्हणाला, अप्पा, उशीर झाला. विरूच्या औषधाची वेळ होत आली. त्याची आई गोळी देते, पण माझ्या हातून दिली तर तो थुंकत नाही."

"मग?"

"मी विचारलं, आणि तुझा त्याग?"

अप्पांच्या तोंडावर थोडं हसू आलं.

"तो एक पाय चपलेत घालून उभा. माझ्याकडं बघत म्हणाला… कसला?"

अप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"त्या दिवसापासनं तो आला की मी उठून उभा राहायचो," अप्पा म्हणाले. "त्याला ते आवडायचं नाही."

विरूपाक्षची मान खाली गेली होती. कॉलेजच्या दिवसांतलं ते बोलणं त्याला आठवत होतं. तुमच्यात धमक नव्हती. शेवटी त्याने तेही अप्पांना सांगून टाकलं.

"अप्पा, म्हणजे माझ्यामुळं राहिलं त्यांचं सगळं. आणि मीच त्यांना तसं बोललो. त्यांनी एका शब्दानं सांगायला हवं होतं मला."

"काय सांगायला हवं होतं?"

"हेच. माझ्यासाठी काय सोडलं ते."

"त्यानं ते इथंच टाकलं," अप्पा म्हणाले, "आणि तू आता उचलून डोक्यावर घ्यायला निघालास."

विरूपाक्षने डोळे पुसले. वाचून दाखवलेला कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. निघताना तो पाया पडला. त्याचं अजून समाधान झालेलं नव्हतं. दाराशी जाऊन तो परत वळला.

"मग पुस्तकात लिहू काय?"

"आजवर कितीजणांना भेटलास?"

"एकेचाळीस. तुम्ही बेचाळिसावे."

"आईला विचारलंस?"

कस्तूरबाई घरीच होत्या. सकाळी त्यांनीच त्याच्या हातात चहाचा कप दिला होता.

"नाही…" तो म्हणाला. "तिला कारखान्यातलं काही माहीत नाही."

अप्पांनी सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

"माझ्याकडं तो आठवड्याला तासभर यायचा. उरलेला सगळा तिच्याकडं आहे."