मोराच्या पायाखालचं नाव

"बुवा, नाव कुठं घालू?"

प्रभंजन सरपोतदारनं हे विचारलं तेव्हा मोराचा पिसारा अजून अर्धाच झाला होता.

हा शहरातल्या कला महाविद्यालयातून सुवर्णपदक मिळवून रंभाजीबुवांकडे मातीकाम शिकायला आला होता. ते पदक त्यानं आम्हा जुन्या शिष्यांना प्रत्येकी निदान दोनदा दाखवलं होतं. मी भट्टी सांभाळायचो, म्हणून मला तीनदा.

काम गावच्या नव्या वाचनालयाचं होतं. पांढऱ्या मातीची दोन विती लांब लादी, तिच्यावर काळ्या मातीचा लेप, आणि लेप खिळ्यानं खरवडून खालच्या पांढऱ्यात काढलेला मोर. दाराशेजारी बसवायचा. मोर सुरेख होता, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं.

"मोर लोक बघतीलच," बुवा म्हणाले. "नाव कशाला?"

"उद्घाटनाला सासरे येणार आहेत."

बुवांनी चहाची बशी खाली ठेवली.

"चार वर्षं झाली, बुवा. चारचौघांत माझी ओळख करून देतात, 'हे आमचे जावई, चिखलात खेळतात.' एकदा तरी त्यांना भिंतीवर माझं नाव वाचू दे."

मला त्याची पहिल्यांदाच दया आली.

बुवांनी मोराच्या पायाखाली बोटं टेकवून बघितली.

"घाल. पण मोराच्या पायापासून चार बोटं खाली. आन् रेघ हलकी ओढ. पांढरं दिसलं की हात थांबव."

"हलकी कशी? शंभर वर्षं टिकायला हवं."

बुवा बशी उचलून आत गेले.

प्रभंजननं फूटपट्टी घेतली. प्रभंजन विश्वंभर सरपोतदार, ही तिन्ही नावं त्यानं एकाच शिरोरेघेखाली बसवली. रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग खिळा दाबून ती तीनदा गिरवली. चिक्कीच्या वड्या पाडायला सुरीनं ओढतात, तशी.

"अरे, पुरे," मी म्हणालो.

"तुम्ही भट्टी सांभाळा," तो म्हणाला.

मी भट्टी सांभाळली.

लादी वाळली, पहिल्या भाजणीला गेली. तिसऱ्या दिवशी भट्टी निवल्यावर आम्ही दार उघडलं. लादीचे बरोबर शिरोरेघेवर दोन तुकडे झाले होते. वरच्या तुकड्यात मोर होता, त्याच्या एका पिसालाही धक्का लागला नव्हता. खाली चार बोटं रुंदीची पट्टी, आणि तिच्यावर डोकी उडालेली अक्षरं.

प्रभंजन दोन्ही तुकडे जुळवून बघू लागला.

"मोराला झिलई दे," बुवा मला म्हणाले.

पट्टी त्यांनी स्वतः उचलली. तिच्यावरून अंगठा फिरवून बघितला. मग ती काखोटीला मारून घरी घेऊन गेले.

उद्घाटनाच्या सकाळी मोर भिंतीत बसला होता, झिलईनं चमकत होता. प्रभंजन बुवांना शोधत हौदाशी आला. मी तिथं बादली भरत होतो.

बुवा दगडावर बसले होते. पट्टी पायाशी ठेवून तिच्यावर टाच घासत होते. अक्षरांचं तोंड वर होतं.

"माझ्या नावाची वज्री केलीत, बुवा?"

बुवांनी पट्टीवर पाणी ओतलं.

"तुम्हांला ठाऊक होतं. म्हणून चार बोटं खाली घालायला लावलंत."

बुवांनी दुसरा पाय पट्टीवर घेतला.

प्रभंजन दगडाच्या कडेला टेकला.

"तासाभरात सासरे येतील. विचारतील, मोर कुणी काढला? 'मीच' म्हणालो तर फुशारकी. गप्प बसलो तर आहेच, चिखलात खेळणारा. सांगू काय त्यांना?"

बुवांनी पाय धुतले. त्याच्या पायांकडं बघितलं. टाचांच्या भेगांत महिनाभराची काळी माती बसली होती.

त्यांनी पट्टी पाण्यातून विसळून काढली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"आधी टाचा घास. खोल कोरलंयस, मळ चांगला निघतो."