पाडसावरची सावली

फार मागं एका रानात हरणांचा कळप होता. झाडावरचा वानर वाघ दिसला की ओरडायचा, पण नुसती पानं हलली तरी ओरडायचा. कळपाचे नायक वैतागले. "यापुढं आधी मला सांगायचं. कळपाला काय सांगायचं ते मी बघेन."

एकदा गवतात पिवळं काही सरकलं. नायक ओढ्यापलीकडं होते. वानर फांदीवर येरझारा घालत नायकांना शोधू लागला.

खाली पाडसाला पाजणारी हरिणी घाबरली. "वानरभाऊ, काय दिसतंय?"

"आधी नायकांना सांगू दे, ताई. तसं ठरलंय."

"अरे, नायक पलीकडं, अन् बाळ माझं इथं!"

वानर जिवाच्या आकांतानं ओरडला. कळप उधळला, अन् वाघाची झेप रिकाम्या गवतात पडली.

नायक तणतणत आले. "माझ्याआधी यांना कळलंच कसं?"

हरिणीनं कापणारं पाडस पुढं केलं. नायकांनी त्याला हुंगलं. मग हळूच म्हणाले, "वानरा, पानं हलली तर मला सांग. वाघ दिसला तर सगळ्यांना."

देव त्या लेकराला पावला, तसाच तुमच्याआमच्या लेकरांना पावो.