तांबसड्यावर कोण राहतं

"…पण सर, हे पहिल्यांदा लिहिलं कुणी, ते कुठं सापडेल?"

मुलाणी सरांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

सरांनी आयुष्यभर मानवी भूगोल शिकवला. आता मोतीबिंदूनं दोन्ही डोळे अधू झालेत, तरी रोज दुपारी आमच्या गावच्या वाचनालयात येऊन बसतात. वाचता येत नाही, पण कपाटांजवळ बसलं की बरं वाटतं म्हणतात. मी दाराजवळच्या बाकावर पेपर वाचत असतो, म्हणून हे सगळं माझ्या कानांवर पडलं.

विचारणारा अभिराम दिघे, सरांचा जुना विद्यार्थी. आता विद्यापीठात संशोधन करतो. पोरगा हुशार, त्यात वाद नाही. पण त्या हुशारीचं ओझं त्याच्यापेक्षा समोरच्यालाच जास्त व्हायचं.

दुसऱ्या दिवशी तांबसड्याची सुनावणी होती. तांबसडा म्हणजे वर डोंगरमाथ्यावरचा गवळी धनगरांचा वाडा, पाचपंचवीस घरांचा. तिथं धरण येणार. जे बारमाही राहतात त्यांना खाली जमीन मिळणार, जे हंगामापुरते राहतात त्यांना काहीच नाही. आणि प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं होतं, वस्ती हंगामी. अभिराम सुनावणीला तज्ज्ञ म्हणून बसणार होता.

व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. बायजाबाई येडगे, तांबसड्याचीच. सुनावणीसाठी डोंगर उतरून आली होती आणि मुक्कामाला सरांकडे होती.

ती तिथूनच म्हणाली, "आमी बारा म्हयनं थितंच ऱ्हातो की, सायेब. म्हशी घिऊन जानार कुठं?"

अभिराम हसला. वाईट नाही हसला, समजूतदार हसला. ते जास्त लागतं.

"आजी, लोकांच्या सांगण्यावर अभ्यास होत नाही. छापील आधार लागतो."

म्हातारीनं मान हलवली. हे तिनं आधीही कुठं कुठं ऐकलं असणार.

"तुझ्याकडे काय काय आहे?" सरांनी विचारलं.

"सगळं आहे, सर." त्यानं लॅपटॉप उघडला. "गॅझेटियर, जनगणनेच्या पुस्तिका, उपग्रहाची चित्रं, देशातली-परदेशातली नियतकालिकं. तुमच्या वेळेसारखं कपाटं उपसत बसावं लागत नाही. बोट लावलं की ग्रंथालय उघडतं."

"तांबसड्याचं काय?"

"जनगणनेत वेगळी नोंद नाही, खालच्या गावात धरलाय. पण चार ठिकाणी स्वच्छ लिहिलंय, हंगामी."

"चार माणसं म्हणतात?"

"चार संदर्भ, सर."

"मी माणसं विचारली…"

अभिरामनं घड्याळाकडे पाहिलं. "म्हणून तर आलो. उद्या कुणी विचारलं की मुळात हे कुणी पाहिलं, तर नाव सांगता आलं पाहिजे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"मला दिसत नाही. तू वाच. अहवालापासून सुरू कर. कुणाच्या आधारानं लिहिलंय?"

त्यानं अहवालाची तळटीप वाचली. आधार एका नियतकालिकातल्या लेखाचा होता.

"लेख उघड."

लेख उघडला. त्यात एका ग्रंथाचा हवाला होता. ग्रंथ आमच्याच वाचनालयात निघाला, वरच्या फळीवर. अभिराम स्टुलावर चढला, धूळ झटकली, शिंकला, पान काढलं. ग्रंथकर्त्यानं ती माहिती एका ऑनलाइन ज्ञानकोशातून घेतली होती.

"हे असं करतात लोक!" अभिराम चिडून म्हणाला. "जाडजूड ग्रंथ लिहायचा आणि आधार कोशाचा द्यायचा. एवढ्या उंचीवर बारमाही वस्ती आहे की नाही, जाऊन बघायला काय झालं होतं?"

"खरंय," सर म्हणाले. "कोश उघड."

कोशातल्या नोंदीखाली एकच आधार होता. कुठल्यातरी विद्यार्थ्याची एम.ए.ची प्रबंधिका, विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात ठेवलेली. अभिराम वाचायला लागला आणि थांबला.

"वाच ना."

त्यानं पान वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं.

"मोठ्यानं वाच बाबा, मला दिसत नाही."

"दिघे… अभिराम." त्याचा आवाज खोल गेला होता. "माझीच आहे, सर. एम.ए.ला एवढ्या वस्त्या फिरलो, त्यात हा वाडा विसरूनच गेलो होतो."

काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण हसायची कुणाची टाप नव्हती.

"काय लिहिलं होतंस?"

त्यानं पान काढलं. वाचताना शब्द अडकत होते. "पाहणीच्या दिवशी सर्व घरं बंद आढळली. गुरंही दिसली नाहीत. सबब वस्ती हंगामी असावी."

"तू 'असावी' लिहिलंस. पुढच्यानं?"

"त्यानं… 'आहे' लिहिलं."

"किती वेळ होतास वर?"

"दुपारपर्यंत. खाली शेवटची एसटी होती, सर."

"कुणाला विचारलंस?"

"कुणी नव्हतंच! हाका मारल्या मी. मग खाली उतरल्यावर चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, धनगर लोक, आज इथं, उद्या तिथं."

"म्हणजे सांगण्यावरच लिहिलंस की."

अभिरामचे कान लाल झाले.

"फोटो आहे ना?" सर म्हणाले. "बाईंना दाखव."

त्यानं लॅपटॉप उचलून पायरीवर नेला. मीही पेपर ठेवून वाकलो. लांबट, ठेंगणी घरं, दारांना काटेरी फांद्या लावलेल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. कुंपणावर एक हिरवं लुगडं वाळत घातलेलं. माणूस एकही नाही.

म्हातारीनं पदरानं डोळे पुसून पाहिलं. पडद्याजवळ तोंड नेलं.

"ह्ये माजं घर."

मग तिनं दाराच्या काट्यांकडे बोट केलं.

"काटी म्याच लावली. कुत्री शिरत्यात." तिनं बोट लुगड्यावर ठेवलं. "ह्ये सगुनाचं. माज्या सुनंचं. आदल्या सांजंला धुऊन टाकल्यालं तिनं. पहाटं कळा सुरू झाल्या, मूल आडवं आल्यालं. मग डोली बांधली."

"आणि बाकीची घरं?" अभिराम हळूच म्हणाला.

"डोली निगाली की समदा वाडा निगतो, सायेब. उतार काय थोडा हाय? पावला-पावलाला खांदं बदलाया मानसं लागत्यात. बाया पानी घिऊन मागं. म्हशी रानात सोडल्या. घरात कोन ऱ्हाईल?"

"मग… दवाखान्यात?"

"उतारावरच गेली. प्वाट तसंच." तिनं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. "माघारी आनली तवर लुगडं वाळल्यालं. त्येच घातलं तिच्या अंगावर."

लांब बाजारात कुणीतरी शटर ओढलं. मी पेपर पुन्हा उचलला, पण एक ओळ दिसेना.

"सायेब," म्हातारी म्हणाली, "तिचा फोटू न्हाई आमच्याकडं. कवा काढलाच न्हाई. ह्यो द्याल का? लुगडं तरी हाय तिचं."

अभिराम तसाच उकिडवा बसून राहिला. मग उठून आत गेला आणि सरांसमोर उभा राहिला. पोराच्या तोंडचं पाणी पार पळालं होतं. मला त्याची कीव आली. खरं सांगायचं तर रागही आला, दोन्ही एकदम.

"माझी चूक झाली, सर."

"हं."

"मी तेव्हा लहान होतो."

"हं."

"प्रबंधिकेत दुरुस्ती टाकतो. ज्ञानकोशातही कळवतो."

"उद्या?"

तो दाराकडे, म्हातारीच्या पाठीकडे बघत राहिला.

"उद्या काय बोलणार?" सरांनी पुन्हा विचारलं.

"उद्या मी हंगामी म्हणणार नाही, सर. गप्प बसेन."

"आणि अहवाल?"

"तो छापून झालाय. तो आता मला विचारून थोडाच…" त्यानं खुर्चीची पाठ धरली. "माझा पीएचडीचा प्रबंध त्याच वस्त्यांवर उभा आहे. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा. उद्या भर कचेरीत मी सांगितलं की मुळात मीच काही पाहिलं नव्हतं, तर उरलेल्या वस्त्यांचं काय, असं विचारतील. माझं सगळं जाईल, सर. गप्प बसतो. तेवढं पुरे नाही का?"

सर उठले. चाचपडत काठी घेतली. मला वाटलं, आता दोन देतात ठेवून. पण त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मायेनं ठेवतात तसाच.

"बस जरा. दमलास."

तो बसला. सर भिंतीला हात लावत दारापर्यंत आले आणि मला खुणेनं बाहेर बोलावलं. मी व्हरांड्यात आलो. सरांनी मागं वळून दार ओढून घेतलं, बाहेरून कडी घातली. मग पायरीपाशी येऊन बायजाबाईशेजारी बसले.

आत थोडा वेळ काही कळलं नसावं. मग खुर्ची सरकली.

"सर?… दार लागलंय, सर!"

सर समोरच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

दारावर थाप पडली, मग मूठ. "सर! मी आत आहे!"

रस्त्यानं जाणारा एक माणूस सायकल थांबवून बघायला लागला. त्यानं सरांना विचारलं, "कोण आहे हो आत?"

"दार बंद आहे," सर म्हणाले. "कुणी राहत नसावं."

त्या माणसानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सरांकडे. मान हलवली आणि पायडल मारून निघून गेला.

"अहो, मी आहे! सर, ऐका ना… मी इथं आहे!" आता त्याचा आवाज फाटला होता. दार गदागदा हलत होतं.

बायजाबाईला राहवेना. गुडघ्यावर हात रेटून ती उठली. "अवो सर, काय ह्ये! पोरगं हाय की आत! मी सांगती ना, माज्या डोळ्यांनी बगितलंय त्येला!"

तिचा हात कडीपर्यंत गेला होता. सरांनी काठी आडवी धरली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"लोकांच्या सांगण्यावर जाऊ नये, बाई. छापील आधार लागतो."